परमुलखातले बिऱ्हाड : नगरच्या अमेरिकन कुटुंबांची हकीकत



इतिहास म्हटला की किल्ला, लढाई आणि तह एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. आमचा आजचा विषय त्या मानाने घरगुती आहे. परमुलखातले एखादे कुटुंब आपल्या गावात येऊन बिऱ्हाड थाटते, तेव्हा काय काय घडते? ते खाते काय, सण कोणते करते, लेकरांना कोणत्या भाषेत रागावते, घरातले माणूस गेले तर त्याला मूठमाती कुठे देते? आणि ते वसते, ते स्वतःच्या हिकमतीने वसते की गाव त्याला वसवून घेते? या प्रश्नांची उत्तरे शोधायला आपल्याला लांब जायला नको. ज्या गावाला 2024 पासून कागदोपत्री अहिल्यानगर म्हणतात, पण ज्याला बाजारहाटाला आलेला माणूस अजून नुसते नगर म्हणतो, त्या आपल्या गावातच ही हकीकत घडलेली आहे.

आम्ही विद्यापीठात शिकलेलो नाही. विडी कामगार आणि साखर कामगार यांच्या संघटनेत आमचे आयुष्य गेले, आणि वाचनाची हौस 1838 साली स्थापन झालेल्या आपल्या जिल्हा वाचनालयाने भागवली. त्यामुळे इतिहास वाचतानाही सवयीने आमचे लक्ष दोन गोष्टींकडे जाते : हे काम केले कोणी, आणि करणाऱ्याच्या पदरात पडले काय. ही दृष्टी एकांगी वाटली तर श्रोत्यांनी ती चालवून घ्यावी.

नगर हे मुळापासूनच परक्यांना सरावलेले गाव आहे. मलिक अहमदाने 1490 च्या सुमारास हे शहर वसवल्यापासून येथे तुर्क, इराणी, अरब आणि हबशी यांची ये-जा होती. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ 1549 साली नगरलाच ओतली गेली, आणि ती ओतणारा रूमीखान तुर्क होता. निजामशाहीचा अखेरचा मोठा कारभारी मलिक अंबर हा गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. तेव्हा परका माणूस येथे येणे यात नवल नव्हते. पण यातले बहुतेक लोक तलवारीच्या किंवा दरबाराच्या चाकरीने आले. बायकामुले, पुस्तकांच्या पेट्या आणि स्वयंपाकाची भांडी घेऊन, चाकरी वा व्यापार यांपैकी काहीही न करता येथे राहायला आले, ते अमेरिकन मिशनरी.

बोस्टनच्या मिशन बोर्डाची स्थापना 1810 सालची. त्याचे पहिले लोक, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. मुंबईहून घाट चढून 1831 च्या डिसेंबरात ॲलन ग्रेव्ह्ज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्व्ही हे तिघे नगरला आले. त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ नावाचे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ होते, ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. पहिल्या दिवसापासून वाट दाखवणारा, भाव करणारा, आणि कोणाशी काय बोलावे हे सांगणारा माणूस आपल्यातला होता.

त्या काळी अमेरिकेहून येणे म्हणजे काय? सुवेझचा कालवा 1869 चा. त्याआधी शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून चार-पाच महिन्यांनी मुंबई दिसायची. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 साली सुरू झाला. तोवर नगरपर्यंतची निदान शेवटची वाट तरी बैलगाडीने, घोड्याने, नाहीतर पायी. गंमत अशी, की 1834 पासून बोस्टनकडच्या तळ्यांतला बर्फ भुशात गुंडाळून जहाजाने मुंबईस विकायला येत असे. म्हणजे या मंडळींच्या गावचा हिवाळा मुंबईपर्यंत पोहोचत होता; नगरच्या वैशाखात मात्र त्यांच्या वाट्याला माठातले पाणीच.

बिऱ्हाड थाटण्याची पहिली किंमत माणसांनी मोजली. हर्व्हींची पत्नी 1831 साली, मुंबईस आल्यावर थोड्याच आठवड्यांत वारली. ते स्वतः 1832 च्या मे महिन्यात नगरला पटकीने गेले. म्हणजे नगरला येऊन सहा महिनेही झाले नव्हते. पुढे ग्रेव्ह्ज 1843 साली महाबळेश्वरी वारले. परमुलखातले बिऱ्हाड खऱ्या अर्थाने कधी वसते? घराण्यातले पहिले माणूस तेथल्या मातीत पडते तेव्हा, असे आमच्याकडची म्हातारी माणसे म्हणतात. तो हिशेब धरला तर अमेरिकन बिऱ्हाड नगरला फार लवकर वसले.

आता घरातल्या व्यवहाराकडे येऊ. बंगला, त्याला पडवी, भोवती कुंपण. आत आया, स्वयंपाकी, पाणक्या, माळी, गाडीवान. न्यू इंग्लंडच्या साध्या शेतकरी किंवा पाद्री घरात जी बाई स्वतः चूल सांभाळायची, तिच्या हाताखाली येथे चार-पाच माणसे आली. यात चैन थोडी होती आणि अडचण मोठी होती. एका जातीचा माणूस दुसरीचे काम करायला धजत नसे, म्हणून कामागणिक माणूस लागे. बाजारात जाऊन भाव करणे परक्या बाईला शक्य नव्हते. पाणी कोणत्या आडाचे प्यावे, कोणत्या महिन्यात धान्य भरून ठेवावे, विंचू चावला तर काय करावे, हे शिकवायला बोस्टनहून कोणी येणार नव्हते. ही सारी विद्या स्वयंपाकघराच्या दाराने आली आणि देणाऱ्यांची नावे कुठे लिहिली गेली नाहीत. बोर्डाच्या 'मिशनरी हेरल्ड' मासिकात अमेरिकेतल्या कोणत्या गावच्या मंडळीने किती डॉलर आणि किती सेंट दिले, याच्या याद्या छापून येत. सेंटाची नोंद झाली, आयेची झाली नाही.

भाषा शिकवणारा पंडित मात्र थोडा उजेडात आला, कारण त्याचे काम छापील पुस्तकांत उतरले. 1839 साली आलेले एबेनेझर बर्जेस यांच्यावर मराठी शाळांसाठी खगोलाचे पुस्तक तयार करण्याचे काम आले. ते करता करता येथल्या ज्योतिषाचा आधार शोधणे आले, आणि त्यातून त्यांनी 'सूर्यसिद्धान्त' इंग्रजीत आणला. ते भाषांतर 1860 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि अजून अभ्यासक ते उघडतात. शिकवायला आलेला माणूस शिकून परत गेला. 1835 साली आलेले हेन्री बॅलंटाइन यांनी मराठीत ख्रिस्ती गीते रचली. 1842 च्या जूनमध्ये नगरलाच 'ज्ञानोदय' हे पत्र निघाले. पुढे ते मुंबईस गेले, पण पाळणा नगरचा.

या सर्वांत एकटी आलेली बाई म्हणजे सिंथिया फॅरार. जन्म 1795 चा, न्यू हॅम्पशरचा. अविवाहित असून परदेशी पाठवल्या गेलेल्या अगदी पहिल्या अमेरिकन स्त्रियांपैकी ती एक. 1827 च्या अखेरीस ती मुंबईस आली, 1839 साली नगरला, आणि 1862 साली नगरलाच वारली. नवरा नाही, मूल नाही. तिचे घर म्हणजे मुलींच्या शाळा. जोतीराव फुले आपले स्नेही सदाशिवराव गोवंडे यांच्याकडे नगरला आले असता त्यांनी या शाळा पाहिल्या. मुलींना शिकवण्याची तेथली रीत पाहून आपण पुण्यास मुलींची शाळा काढली, असे त्यांनी स्वतः सांगून ठेवले आहे. ती पुण्याची शाळा 1848 ची. सावित्रीबाईंनीही अध्यापनाचे धडे फॅरारबाईंकडे घेतले असे त्यांचे चरित्रकार सांगतात. न्यू हॅम्पशरची एक बाई नगरच्या एका आळीत मुलींना बाराखडी शिकवते, आणि त्यातून महाराष्ट्राचे पान उलटते! पण येथेही ध्यानात ठेवावे, की मुली शाळेत पाठवण्याची छाती ज्या आईबापांनी केली त्यांच्याशिवाय ती शाळा म्हणजे चार भिंती. जातीत राहून, शेजाऱ्यांचे टोमणे खाऊन त्यांनी ती छाती केली.

आता सणांकडे वळू, कारण परमुलखातल्या माणसाची खरी परीक्षा सणाच्या दिवशी होते. आपण सहज धरून चालतो, की साहेब आला आणि नाताळ घेऊन आला. येथे मोठी मौज आहे. हे अमेरिकन ज्या न्यू इंग्लंडचे, तेथे नाताळ पाळतच नसत. तेथल्या जुन्या कर्मठ प्युरिटन लोकांनी 1659 साली मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळ साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठेवला होता. हा कायदा 1681 पर्यंत होता. नाताळची अधिकृत सुट्टी तेथे मिळाली ती 1856 साली, म्हणजे नगरला मिशन येऊन पंचवीस वर्षे झाल्यावर! त्यांचा घरचा सण म्हणजे सुगीनंतर देवाचे उपकार मानण्याचा दिवस. तोही राष्ट्राचा वार्षिक सण म्हणून रुजला तो अध्यक्ष लिंकन यांच्या 1863 च्या जाहीरनाम्यानंतर. आणि 'नाताळ' हा आपला शब्द तर पोर्तुगिजांकडून आलेला; अमेरिकनांचा त्याच्याशी संबंध नाही.

मग नगरच्या ख्रिस्ती वस्तीत आज जो नाताळ होतो तो कोणाचा? करंज्या, शंकरपाळे, चकल्या तळल्या जातात, नवे कपडे शिवले जातात, शेजारी ताटे जातात. हा सण जहाजातून उतरलेला दिसत नाही. तो येथल्या बायकांनी येथल्या परातीत मळलेला आहे. दिवाळीचा फराळ करणारे हात ख्रिस्ती झाले, तेव्हा हातांची विद्या काही पुसली गेली नाही. तीच गोष्ट सुगीची. पीक निघाल्यावर धान्य आणि फळे आणून देवळात वाहण्याचा दिवस खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्या पाळतात. अमेरिकनाला त्यात आपला उपकारदिन दिसला असेल. आमच्या शेतकऱ्याला त्यात खळ्यावरची पूजा दिसली. दोघांचेही समाधान झाले.

या मिलाफाचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे ख्रिस्ती कीर्तन. साहेबी चालीची गाणी आणि तासभराचे कोरडे प्रवचन खेड्यातल्या माणसाला पचत नव्हते. सॅम्युएल फेअरबँक हे 1846 साली आलेले मिशनरी. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्यास ते वर्षानुवर्षे राहिले. पक्षी आणि शंख-शिंपले यांचा त्यांना इतका नाद, की दक्षिणेकडच्या पळणीच्या डोंगरातील एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव आजही आहे. ज्याला पाखराची शीळ ऐकू येते त्याला माणसाचा सूर कसा ऐकू येणार नाही? त्यांनी कीर्तनाला पाठबळ दिले. पण कीर्तन उभे केले ते कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या मराठी माणसांनी. अभंग, ओवी, साकी, दिंडी, टाळ, मृदंग, सगळे तेच. आख्यान मात्र नवे. खेड्यांतली मंडळी वार्षिक सभेला नगरास जमत. रात्री कीर्तन होई तेव्हा तो मेळा जत्रेसारखाच दिसत असणार. ज्यांनी मूर्तिपूजेविरुद्ध बोलायला समुद्र ओलांडला, ते नारदाच्या गादीसमोर मांडी घालून बसले. यात कोणी कोणाला जिंकले हे ज्याने त्याने ठरवावे. 1895 साली मुंबईस बाप्तिस्मा घेऊन नारायण वामन टिळक नगरला आले तेव्हा ही वाट मळलेली होती. त्यांनी तिचा राजमार्ग केला.

अशा रीतीने घराबाहेर मिलाफ होत होता. घराच्या आत मात्र एक जखम होती, ती म्हणजे मुलांची. ही मुले आयेच्या मांडीवर वाढली. त्यांची पहिली भाषा पुष्कळदा मराठीच. पण आठ-दहा वर्षांची झाली की शिक्षणासाठी त्यांना अमेरिकेस धाडावे लागे. कोडाईकनालची शाळा निघाली ती 1901 साली; त्याआधी दुसरा उपाय नव्हता. एकदा मूल जहाजात बसले की आईबापांना ते पुन्हा दिसे ते कधी सहा, कधी दहा वर्षांनी, आणि कधी दिसतही नसे. पत्र जाऊन उत्तर यायला महिने. बॅलंटाइन तीस वर्षे नगरला काढून परत निघाले आणि 1865 साली वाटेत समुद्रातच वारले. मुंबईच्या रॉबर्ट विल्सन ह्यूम यांचेही 1854 साली तसेच झाले. बायको विधवा होऊन पोरांसह अमेरिकेस पोहोचली. त्या पोरांपैकी एक, 1847 साली मुंबईत जन्मलेला रॉबर्ट ॲलन ह्यूम, सत्ताविसाव्या वर्षी, 1874 साली, पुन्हा हिंदुस्थानात आला आणि नगरला अर्धशतक राहिला. बॅलंटाइनांची मुलगी फेअरबँकांच्या घरात पडली, फेअरबँकांची मुलगी ह्यूमांच्या घरात. सोयरिकी होत होत नगरचे हे अमेरिकन गोत तयार झाले. नगरला जन्मलेल्या त्यांच्या पोरांना घर कुठे म्हणून विचारले, तर ती काय उत्तर देत असतील?

ह्यूम यांनी 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत अमेरिकेतून मदत मिळवून अनाथ मुलांना जगवले. त्याबद्दल सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली म्हणजे त्या काळचे नगर, दुष्काळ, प्लेग, मिशनचे वाडे आणि साहेबांची घरे डोळ्यांसमोर उभी राहतात. भुकेल्या पोराला भाकर देणे आणि त्याचा धर्म बदलणे या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे शंका निघते, आणि ती काढण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण ज्या महार-मांग वस्तीत आपल्यापैकी कोणी पाऊल टाकत नव्हते तेथे हे लोक गेले, पंक्तीला सर्वांना एकत्र बसवले, हेही त्याच शाईने लिहिले पाहिजे.

आता पगाराचा प्रश्न. हा विषय काढला नाही तर आमच्या संघटनेतले लोक आम्हांला घरी येऊ देणार नाहीत. साहेबाचा पगार अमेरिकेतून ठरे. येथल्या उपदेशकाचा, मास्तराचा, गावोगाव फिरणाऱ्या बायबल-बाईचा पगार त्याच्या मानाने कितीतरी कमी. साहेब बंधू म्हणे. पण बंधूला नेमणारा, बदली करणारा आणि कमी करणारा तोच. बंधुत्व आणि मालकी एका घरात नांदली म्हणजे भांड्याला भांडे लागते. टिळकांनी 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यामागे अध्यात्म होतेच. पण परक्याच्या पगारावर आपला धर्म आपला राहत नाही, हे जे त्यांना उमगले ते कोणत्याही कामगाराला समजण्यासारखे आहे.

न्यायाने याची दुसरी बाजूही सांगतो. विसाव्या शतकाच्या आरंभी डी. सी. चर्चिल नावाचे एक इंजिनियर मिशनात आले. नगर ही विणकरांची पेठ. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची घरे आजही येथे आहेत. गिरणीच्या कापडाखाली हातमाग मोडत होता. चर्चिल यांनी विणकराचा हात जलद चालावा म्हणून सुधारलेला माग तयार केला. तो चर्चिल माग म्हणून देशभर माहीत झाला. त्याने विणकर वाचला असे आम्ही म्हणणार नाही. भांडवल आणि बाजार यांच्यापुढे एकटा माग काय करणार? पण परका माणूस विणकराच्या खड्ड्याशेजारी बसून त्याचा धोटा, त्याची पाठ, त्याची मजुरी यांचा विचार करतो, ते त्याचे बिऱ्हाड पक्के झाल्याचे लक्षण आम्ही मानतो.

आता जमाखर्च मांडू. स्वातंत्र्यानंतर हळूहळू ही कुटुंबे परत गेली. बंगल्यांच्या आत त्यांनी जपलेला खास घरगुती अमेरिकन व्यवहार, त्यांचे जेवणाचे टेबल, त्यांची आपसातली गाणी, यातले नगरात फारसे काही उरले नाही. जे कुंपणाबाहेर येऊन येथल्या लोकांच्या हातांत पडले, तेवढे टिकले : मुलींच्या शाळा, मराठी गीते, कीर्तन, फराळाचा नाताळ. 1947 साली नगरला कॉलेज निघाले, ते काढणारे भास्कर पांडुरंग हिवाळे हे मराठी ख्रिस्ती समाजातले. परक्याने आणलेले बी येथल्या माणसाने आपले म्हणून पेरले तरच उगवते. नाहीतर ते कुंडीत राहते आणि धन्याबरोबर जाते.

ही हकीकत आज सांगण्याचे कारण असे, की आता पारडे फिरले आहे. अमेरिकेचा 1965 चा कायदा झाल्यावर आपली मुले तिकडे जाऊ लागली. बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 साली तिकडे स्थापन झाले. तेथे गणपती शनिवार-रविवार पाहून बसतो, मोदकाचे पीठ दुकानातून येते, आणि सावेडीतली आजी पडद्यावर नातवाला पाहते. बॅलंटाइनबाईंना पत्राची वाट पाहत महिने काढावे लागत. या आजीला चेहरा रोज दिसतो, पण मांडी रिकामीच. तिकडे आपल्या पोरांना कोणी शेजार दिला, कोणी पहिल्या हिवाळ्यात कोट कुठे घ्यावा हे सांगितले, तर आपण त्याचे उपकार मानतो.

आणि येथे? पाथर्डी-शेवगावकडची, बीडकडची ऊसतोड कुटुंबे दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल डोक्यावर. कारखान्याच्या तळावर पाचटाची कोपी. परमुलूख म्हणजे सातासमुद्रापलीकडेच असतो असे नाही. पन्नास मैलांवरही असतो. त्यांची दिवाळी बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत होते. त्यांच्या लेकरांची शाळा सुटते ती सुटतेच. नागापूरच्या कारखान्यांत परप्रांतातून आलेला मजूर एका खोलीत सहा जण मिळून राहतो, आणि त्याच्या सणाचे नावही आपल्याला ठाऊक नसते. जहाजातून आलेल्या गोऱ्या बिऱ्हाडाला ज्या गावाने पाणी दाखवले, भाषा दिली, कीर्तनात बसवले, त्या गावाला कोपीतल्या बिऱ्हाडापर्यंत जाणे अवघड नसावे. त्या कामाला ना बोर्ड लागते, ना डॉलर.

शेवटी एक विनंती. ज्यांच्या घरात आजी-पणजी मिशनच्या बंगल्यावर आया होती, पणजोबा गाडीवान वा माळी होते, अशी कुटुंबे या गावात अजून आहेत. त्यांच्याकडच्या आठवणी, जुने फोटो, कुठे एखादी चिठ्ठी असेल, ती वाचनालयात आणून नोंदवावी. साहेबांची नावे शिलालेखांवर आहेत. या माणसांची आपण नाही लिहिली तर कोणी लिहिणार नाही. आणि यंदाच्या दिवाळीत ज्यांना शक्य असेल त्यांनी आमच्याबरोबर एक दिवस ऊसतोडीच्या तळावर यावे. फराळ न्यावा, पण बसून दोन शब्द बोलावे, आणि मुलांच्या शाळेची चौकशी करावी. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.